सेटल आणि बेबाक

‘सेटल’ हा शब्द आपल्याकडे भलताच लाडका आहे. पोरगा पुण्यात सेटल झाला, मुलगी कॅनडात सेटल झाली असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. हाच शब्द कर्जखात्यापुढे लागला की त्याचा रंग पालटतो. सिबिलच्या, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, रिपोर्टात ‘सेटल्ड’ असा शेरा दिसला की बँकेतला कर्ज मंजूर करणारा माणूस त्याचा अर्थ एका ओळीत लावतो: याने ठरलेले पैसे पूर्ण दिले नाहीत, मागच्या बँकेने मिळाले तेवढे पदरात पाडून घेतले.

सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत याच्या अगदी विरुद्ध टोकाचा एक जुना शब्द आहे, बेबाक. खातं बेबाक झालं म्हणजे पै न् पै फिटली, बेबाकी दाखला हातात आला, जामीनदार सुटला. वसुलीवाला फोनवर म्हणतो, “सर, सेटलमेंट करून टाका, खातं बंद होऊन जाईल.” तो खोटं बोलत नसतो. खातं बंद होतंच. पण रिपोर्टात ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि यातली कुठली पडणार हे तो सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आधी आकड्यांकडे बघू. समजा क्रेडिट कार्डावर ९२,००० रुपयांची खरेदी थकली. कार्डाचं व्याज दरमहा साडेतीन ते पावणेचार टक्के असतं. पावणेचार धरा. पहिल्याच महिन्याचं व्याज ३,४५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६२१. वर्षभर एक रुपयाही भरला नाही तर चक्रवाढीने नुसतं व्याज ५१,००० वर जातं. त्यावरचा जीएसटी नऊ हजार, शिवाय दर महिन्याची लेट फी. वर्षाअखेर बिल एक लाख सत्तर हजारांच्या घरात. उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात, इथे ते जवळजवळ अर्धं रितं निघतं. हे व्याज वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. त्यामुळे ‘एवढं व्याज बेकायदा आहे’ हा युक्तिवाद फोनवर करण्यात आता अर्थ नाही.

आता एजंट म्हणतो, “पन्नास टक्के सूट देतो, ८५,००० भरा.” ऐकायला केवढी सूट! पण ही सूट एक लाख सत्तर हजारांवरची आहे. मूळ खरेदी ९२,००० ची, म्हणजे तुम्ही मुद्दलाचे ९२ टक्के भरताय आणि बदल्यात ‘सेटल्ड’चा शेरा विकत घेताय. म्हणून बोलणी सुरू करण्याआधी जुनी स्टेटमेंट काढा आणि एका कागदावर तीन रकाने पाडा: मूळ खरेदी किंवा मुद्दल, व्याज, आणि बाकीचे आकार. सूट कशावर मिळतेय ते या कागदाशिवाय कळत नाही. आकडा मुद्दलाच्या आसपास येत असेल, आणि आणखी थोडे जमवणं शक्य असेल, तर रकमेवर घासाघीस करण्यापेक्षा शेऱ्यावर करावी असं माझं ठाम मत आहे. लेट फी आणि दंड माफ करा, बाकीचं सगळं भरतो, नोंद ‘क्लोज्ड’ द्या, ही मागणी बँकेने ऐकलीच पाहिजे असं नाही. पण बहुतेक लोक ती करतच नाहीत.

बँक मुळात सूट का देते? दया येऊन नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक, होतं आणि बँकेला स्वतःच्या नफ्यातून त्यापोटी तरतूद करावी लागते. विनातारण कर्जाला सुरुवातीला २५ टक्के. एनपीए होऊन बारा महिने उलटले की खातं ‘संशयित’ वर्गात जातं आणि विनातारण रकमेवरची तरतूद १०० टक्के होते. म्हणजे हिशेबापुरती बँकेने ती रक्कम बुडाली असं धरलेलं असतं. त्यानंतर येणारा प्रत्येक रुपया थेट नफ्यात. म्हणून तीन महिने थकलेल्याला दहा-पंधरा टक्क्यांची सूट सांगणारी बँक दीड वर्षाने वेगळ्या सुरात बोलते, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर फारच गोड बोलते. बऱ्याच बँका कार्डाची खाती त्याआधीच राइट ऑफ करतात. ‘राइट ऑफ झालं म्हणजे सुटलो’ हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. बँकेच्या ताळेबंदातून रक्कम गेली, तुमच्या डोक्यावरून नाही. वसुली चालू राहते, आणि रिपोर्टात ‘रिटन ऑफ’ हा शेरा पडतो, जो ‘सेटल्ड’पेक्षाही वाईट.

यातून ‘मग थांबावं का?’ हा प्रश्न येतो. थांबल्याने सूट वाढते हे खरं. पण त्या काळात रिपोर्टातली एकेका महिन्याची चौकट काळी होत जाते, व्याज चढत राहतं, आणि दरम्यान बँक नोटीस, लवाद, धनादेश न वटल्याचा खटला यातलं काहीही करू शकते. हप्ता नॅच मँडेटमधून, म्हणजे खात्यातून आपोआप कापून घ्यायच्या परवानगीतून, जात असेल आणि तो परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागतं. चेक असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. दोन्हीकडे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ज्याच्याकडे हप्ता भरायची ताकद आहे त्याने निव्वळ सूट मिळवायला हप्ते थांबवणं हा मूर्खपणा आहे, असं सरळच म्हणायला हवं. सेटलमेंट ज्याची नोकरी गेली, धंदा बसला, घरात मोठं आजारपण आलं आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत पूर्ण फेड होणं अशक्य आहे, त्याच्यासाठी आहे. बाकीच्यांनी आधी मुदत वाढवून घ्यावी, कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून घ्यावी, घरातलं सोनं ठेवून महाग कर्ज फेडावं. सोनं गहाण ठेवायची लाज वाटते आणि कार्डाचं ४५ टक्के व्याज भरायची वाटत नाही, हे गणित कधी समजलेलं नाही.

पुढे घर घ्यायचं असेल तर आणखी एक हिशेब करा. गृहकर्जाचा दर आता बऱ्याच बँका सिबिल स्कोअर बघून ठरवतात. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण २६,०३५ रुपये, साडेनऊने २७,९६४. महिन्याला १,९२९ चा फरक, वीस वर्षांत चार लाख साठ हजारांच्या वर. आज ८५,००० वाचवले आणि त्यापायी पुढे एक टक्का जास्त दर पडला तर कोण कमावलं? हा फरक पडेलच असं नाही. कर्जच मिळणार नाही, असंही होऊ शकतं. बँकांच्या भरतीतही उमेदवाराचं सिबिल बघण्याची अट जाहिरातीतच छापलेली असते, तेव्हा घरात बँकेच्या परीक्षा देणारं कुणी असेल तर त्याच्या नावावरच्या कार्डाबाबत जास्त जपून.

ठरलं, सेटलमेंटच करायची. बोलणी एजंटशी फोनवर सुरू होतात, पण संपायला हवीत बँकेशी लेखी. एजंटला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तो फोनवर शांतपणे एकदा ऐकवला की पुढची भाषा बरीच सुधारते. तुमच्या बाजूने बँकेला एक पानाचा अर्ज द्या. त्यात रडगाणं नको. उत्पन्न कधी आणि का थांबलं, सोबत कोणते कागद जोडलेत (कामावरून कमी केल्याचं पत्र, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, सहा महिन्यांचं पासबुक), किती रक्कम देऊ शकता, ती कुठून येणार आणि कोणत्या तारखेला. शेवटचे दोन मुद्दे असलेला अर्ज वर सरकतो. ‘कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’ एवढंच असलेला टेबलावर राहतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कर्ज जुनं असेल आणि तीन वर्षांची कायदेशीर मुदत संपत आली असेल, तर लेखी कबुलीने किंवा थोडी रक्कम भरल्याने ती मुदत नव्याने मोजायला सुरुवात होते. एजंट ‘निदान हजार रुपये टोकन टाका’ म्हणून मागे लागतो त्यामागे कधीकधी हेही असतं. अशा जुन्या प्रकरणात अर्ज देण्याआधी वकिलाला दाखवलेला बरा.

मंजुरी कोण देतं हेही माहीत हवं. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीच्या सेटलमेंटसाठी एक चौकट आखून दिली. ती बँकांना, सहकारी बँकांना आणि एनबीएफसींना, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांना, लागू झाली. प्रत्येक संस्थेचं संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण हवं, आणि ज्या अधिकाऱ्याने मूळ कर्ज मंजूर केलं तो सेटलमेंटच्या मंजुरीत नसावा. म्हणजे शाखेतले ओळखीचे साहेब ‘मी करून देतो’ म्हणतात ते त्यांच्या एकट्याच्या हातात नसतं. त्याच चौकटीत असंही आहे की ठरलेली रक्कम भरायला तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत दिली तर ते कर्जाची पुनर्रचना मानलं जाईल. बँका एकरकमी किंवा फार तर तीन हप्ते असा हट्ट का धरतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. सहा-सहा महिन्यांचे हप्ते मागण्यात वेळ घालवू नका. पैसे हाताशी आले की मगच आकड्यावर बोला.

आणि मग तो फोन येतो.

“सर, मॅनेजरकडून स्पेशल अप्रूव्हल काढलंय. आज सहाच्या आत पैसे टाका, नाहीतर ऑफर जाईल.”

“पत्र पाठवा.”

“पत्र पेमेंटनंतर निघतं सर.”

“मग पेमेंटही पत्रानंतर निघेल.”

यापलीकडे एक शब्द बोलायची गरज नाही. ऑफर जात नाही. गेली तरी महिनाअखेरीला परत येते.

पत्र आलं की चहा बाजूला ठेवून ते शब्दन् शब्द वाचा. बँकेच्या लेटरहेडवर आहे का, तारीख आहे का, तुमचं नाव पॅन कार्डावर आहे तसंच आहे का. कर्ज किंवा कार्ड खात्याचा क्रमांक पूर्ण किंवा शेवटच्या चार आकड्यांसह आहे का. एकाच बँकेत कार्ड आणि वैयक्तिक कर्ज दोन्ही असतील तर पत्र दोन्हींचं आहे की एकाचंच, हे इथेच कळतं. एकूण येणं किती, सेटलमेंटची रक्कम किती, माफ केलेली रक्कम किती हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले हवेत. तिसरा आकडा पुष्कळदा गाळलेला असतो. तो मागून घ्या, पुढे त्याचं काम पडणार आहे. पैसे कोणत्या तारखेपर्यंत, किती हप्त्यांत, कोणत्या खात्यात. हप्ता चुकला तर काय, हेही असतं, बारीक अक्षरात: सवलत रद्द, आणि आधी भरलेले पैसे एकूण थकबाकीत जमा. म्हणजे ८५,००० पैकी ६०,००० भरून शेवटचा हप्ता पाच दिवस उशिरा गेला, तर बँकेच्या लेखी तुमच्याकडे अजून लाखाच्या वर येणं आहे आणि ६०,००० केवळ वसुली.

पत्रात ‘संपूर्ण आणि अंतिम’ हे शब्द हवेत. उरलेल्या रकमेवर बँकेचा किंवा तिच्याकडून खातं विकत घेणाऱ्या कुणाचाही हक्क राहणार नाही, असं वाक्य हवं. खटले चालू असतील तर त्यांचे क्रमांक आणि ते किती दिवसांत मागे घेणार, ते. कोरे चेक दिले असतील तर त्यांचे नंबर घालून परत करण्याची तारीख. बचत खात्यावर लीन, म्हणजे पैसे अडवून ठेवणारा बोजा, लावलेला असेल तर तो उठवण्याची तारीख. सिबिलला काय कळवणार, ते. आणि बेबाकी दाखला, ज्याला बँक नो ड्यूज सर्टिफिकेट म्हणते, किती दिवसांत देणार, ते. बँकेचा ठरलेला नमुना असतो, त्यात हे सगळं बसत नाही, असं उत्तर मिळेल. मग ईमेलवर विचारा आणि ईमेलवर उत्तर घ्या.

पत्र खरं आहे का याची खात्री वेगळी करावी लागते. लेटरहेड कुणालाही छापता येतं. कार्डाच्या मागे असलेल्या नंबरवर फोन करा, किंवा शाखेत पत्र घेऊन जा, किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवर पीडीएफ पाठवून ‘हे तुमचंच का’ विचारा. एजंटने पत्रावर दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करणं म्हणजे चोरालाच पत्ता विचारणं.

पैसे भरताना होणाऱ्या चुका मात्र अगदी साध्या असतात. एजंटच्या यूपीआयवर पैसे टाकले, तो नोकरी सोडून गेला. भावाच्या खात्यातून एनईएफटी केलं, बँकेने ‘तिसऱ्याचे पैसे’ म्हणून ताटकळत ठेवलं. शेवटच्या दिवशी चेक दिला, वटला दोन दिवसांनी. बँक जमा झाल्याची तारीख धरते, चेकवरची नाही. शंभर-दोनशे रुपये कमी पडले आणि संगणकाने सवलत लावलीच नाही. नॅच मँडेट रद्द केलं नाही आणि पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा कापला. तेव्हा स्वतःच्या खात्यातून, थेट कर्जखात्यात, मुदतीच्या चार दिवस आधी, रुपयापर्यंत अचूक, आणि यूटीआर क्रमांकाचा, म्हणजे त्या व्यवहाराच्या क्रमांकाचा, कागद छापून ठेवायचा. मोबाइलमधला स्क्रीनशॉट मोबाइलबरोबर जातो. आणि ज्या बँकेचं कार्ड थकलंय तिच्याच बचत खात्यात सेटलमेंटचे पैसे जमवत बसू नका. तिला येणं वळतं करून घ्यायचा हक्क असतो, आणि ती तो वापरते.

कलम १३८ चा खटला चालू असेल तर पैसे भरून काम संपत नाही. बँकेच्या वकिलाने कोर्टात पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन खटला काढून घ्यायला हवा. ती पुरसीस दिली गेली का हे पुढच्या तारखेला स्वतः जाऊन बघा. पैसे भरले म्हणून तारखेला गेलं नाही आणि वॉरंट निघालं, हा प्रकार फार घडतो. दिवाणी दावा किंवा डिक्रीनंतरची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, असेल तर तडजोड कोर्टापुढे नोंदवून घेणंच सुरक्षित. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतही कोर्टात असलेल्या प्रकरणांत तसंच अपेक्षित आहे.

लोकअदालतीची नोटीस व्हॉट्सअॅपवर आली की लोक घाबरतात. दावा दाखल होण्याआधीच्या प्रकरणात ती केवळ बोलावणं असते, समन्स नव्हे. जायला हरकत नाही, उलट फायदा आहे: तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं, त्यावर अपील नाही, फी नाही. पण ते दोन्ही बाजूंनी कापतं. सही करून पैसे भरले नाहीत तर बँक सरळ दरखास्त लावू शकते. आणि एक गोष्ट तिथे गर्दीत कुणी सांगत नाही: लोकअदालतीत मिटलं तरी रक्कम कमी भरली असेल तर सिबिलचा शेरा ‘सेटल्ड’च.

आता तो रिपोर्ट उघडू. भारतात कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो, जसं सगळ्या वनस्पती तुपाला डालडा. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि सेटलमेंटनंतर चारही काढायला हवेत, कारण एकीकडे नोंद बदलते आणि दुसरीकडे जुनीच राहते.

खात्याच्या भागात वर कर्जदात्याचं नाव, खात्याचा प्रकार, मंजूर रक्कम, सध्याची बाकी. सेटलमेंटनंतर बाकी शून्य दिसली पाहिजे. खाली राइट ऑफ आणि सेटलमेंटच्या शेऱ्याची जागा असते. तिथे ‘सेटल्ड’ किंवा, आधी राइट ऑफ होऊन मग तडजोड झाली असेल तर, ‘पोस्ट राइट ऑफ सेटल्ड’. शेजारी राइट ऑफची एकूण रक्कम, त्यातलं मुद्दल, आणि सेटलमेंटची रक्कम. त्याखाली महिन्यांच्या चौकटींची जाळी, ३६ महिन्यांची. प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा: ०००, मग ०२८, ०५९, ०८९, मग १२०. काही बँका आकड्याऐवजी वर्ग लिहितात, तेव्हा ‘एसयूबी’ (सबस्टँडर्ड), ‘डीबीटी’ (डाउटफुल, म्हणजे संशयित) अशी अक्षरं दिसतात. माणूस सगळा जीव त्या एका शब्दात अडकवतो, पण इजा दोन असतात. शेरा ही एक, जाळी ही दुसरी. शेरा उद्या बदलला तरी जाळीतले आकडे त्यांच्या गतीनेच सरकत बाहेर जातात.

‘सात वर्षांनी आपोआप निघून जातं’ हेही ऐकायला मिळतं. कायद्याखालच्या नियमांनी या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं ठेवायला सांगितलंय. किमान. त्यानंतर पुसलीच पाहिजे, असं त्याचा अर्थ होत नाही. दुसरी एक मुदत वेगळी आहे: त्याच २०२३ च्या चौकटीनुसार, सेटलमेंट करणाऱ्या संस्थेने त्या ग्राहकाला किमान बारा महिने नवं कर्ज द्यायचं नाही, शेतीकर्ज सोडून, शेतीकर्जासाठीचा काळ ती संस्था आपल्या धोरणात ठरवते. बारा महिने संपले म्हणजे ती बँक दार उघडून उभी राहील असं नाही, फक्त तिला मनाई उरत नाही. आणि बाकीच्या बँकांना तर शेरा दिसतोच.

शेरा बदलण्याचा सरळ रस्ता एकच आहे. माफ झालेली रक्कम नंतर भरायची. पत्रातला तो तिसरा आकडा इथे कामाला येतो. बँकेला लिहायचं: अमुक तारखेच्या पत्राने ८५,००० माफ केले होते, ते भरायची तयारी आहे, भरल्यावर नोंद ‘क्लोज्ड’ करून नवा बेबाकी दाखला द्याल का? लेखी होकार आल्याशिवाय पैसे भरू नका. बँकेवर तशी सक्ती नाही, पण बऱ्याच बँका तयार होतात. पैसे कुणाला नको असतात? काही तर थोडी घासाघीसही ऐकून घेतात. मात्र त्यातूनही पूर्ण बाकी फिटली असं कागदावर यायला हवं, नाहीतर दुसऱ्यांदा सेटलमेंट करून बसाल. गृहकर्जाचा अर्ज करायच्या निदान सहा महिने आधी हे उरकावं.

‘आम्ही सेटल्ड काढून देतो, पंधरा हजार फी’ म्हणणारे भरपूर आहेत. खरी नोंद कुणीही काढू शकत नाही. सिबिल स्वतःहून एक अक्षर बदलत नाही. कर्जदात्याने दुरुस्ती कळवली तरच बदलते. चुकीची नोंद असेल तर तक्रार फुकट, ऑनलाइन, रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर घालून. त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे, त्यातले एकवीस दिवस बँकेने दुरुस्त माहिती पाठवण्याचे. त्यापुढे गेल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई, एप्रिल २०२४ पासून. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे पैसे भरून दीड महिना झाला आणि बाकी शून्य दिसत नाही, तर वाट बघत बसण्यात अर्थ नाही. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथेही फी नाही, पण आधी बँकेकडे तक्रार करून तीस दिवस गेलेले हवेत. कर्ज माफ करून देणारी ‘प्रमाणपत्रं’ विकणाऱ्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशाराच दिला होता.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक विकलेल्या खात्यांत असते. बँकेने थकलेली खाती पुनर्रचना कंपनीला, म्हणजे एआरसीला, विकली. तुम्ही एआरसीशी तडजोड केली, पैसे भरले, दाखला घेतला. रिपोर्टात एआरसीचं खातं ‘सेटल्ड’, आणि वर जुन्या बँकेचं खातं अजून ‘रिटन ऑफ’ आणि बाकी लाखभर. एकच कर्ज दोनदा. म्हणून एआरसीचा फोन आला तर आधी खातं तिच्याकडे आल्याचं बँकेचं पत्र मागायचं, आणि सेटलमेंटच्या पत्रात मूळ बँकेच्या नोंदीचं काय करणार हेही लिहून घ्यायचं.

जामीनदाराचा आणि सहकर्जदाराचा विचार आपण शेवटी करतो, तो आधी करायला हवा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बायकोला, भावाला सहकर्जदार केलं असेल तर ‘सेटल्ड’ त्यांच्याही रिपोर्टात उमटतं, त्यांनी कधी एक रुपया वापरला नसला तरी. पत्रात त्यांची नावं घालून त्यांनाही मोकळं केल्याचं लिहून घ्या. पतसंस्थेचं कर्ज असेल तर गोष्टी वेगळ्या चालतात. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या हाताखाली. तिथे सेटलमेंटला सामोपचार किंवा एकरकमी परतफेड योजना म्हणतात, आणि वसुली कोर्टातून न येता सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्याने येते, पाठोपाठ कलम १५६ चा वसुली अधिकारी. दाखला निघाला की जामीनदाराच्या पगारावरही टाच येऊ शकते. एकरकमी योजनेत अर्ज करताना जामीनदाराचं नाव अर्जातच घाला, म्हणजे बेबाकी दाखला दोघांच्या नावाने निघतो.

कागदांची फाइल करा: अर्ज, सेटलमेंटचं पत्र, यूटीआरचे कागद, बेबाकी दाखला, खटला मागे घेतल्याची पुरसीस, चारही रिपोर्ट, सगळे ईमेल छापून. पाच-सहा वर्षांनी उरलेली रक्कम भरायला जाल तेव्हा शाखा दुसऱ्या शाखेत मिसळलेली असेल, साहेब तीनदा बदललेले असतील, आणि काउंटरवरची मुलगी संगणकात बघून सांगेल, “सर, हे अकाउंट झीरो दाखवतंय, तुम्ही कशाचे पैसे भरायला आलात?” तेव्हा तिच्यासमोर ठेवायला तेच पत्र लागेल, माफ केलेल्या रकमेच्या आकड्यासह.